प्रवर्तन तापनाद्वारे धातूंचे वितळण : खामगाव, कोल्हापूर व जालना यांच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : प्रवर्तन तापन, भोवरी प्रवाह, पृष्ठ परिणाम, प्रवर्तन भट्टी, उच्चतापसह अस्तर, धातुमळी, स्फुरद.

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी अकोट परिसरातील एका शैक्षणिक संस्थेत दोन वर्गखोल्यांचे बांधकाम सुरू होते. भौतिकशास्त्राचा अध्यापक आहे एवढ्याच आधारावर प्रस्तुत लेखकाची त्या बांधकाम समितीवर नेमणूक झाली. स्तंभांसाठी रिंगा तयार करण्याचे काम चालू असताना आठ मिलिमीटर जाडीची एक सळई वाकवताच बाहेरच्या अंगाला तडकली. पुरवठादारास विचारले असता त्याने फारसे न दचकता उत्तर दिले, "सर, भट्टीचा माल आहे, एखादी सळाख निंगतेच अशी."

तसे पाहिले तर जगातील सगळेच पोलाद कोणत्या ना कोणत्या भट्टीतून आलेले असते. परंतु आपल्याकडील लोखंडाच्या बाजारात 'भट्टी' या शब्दाला विशिष्ट अर्थ आहे. लोहखनिजापासून सुरुवात करणाऱ्या मोठ्या कारखान्यांचा माल तो 'प्रायमरी' आणि भंगार वा स्पंज आयर्न विजेच्या प्रवर्तन भट्टीत वितळवून केलेला तो 'भट्टीचा'. वऱ्हाड आणि मराठवाड्यातील घराघरांत गेलेल्या सळयांपैकी फार मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा, बहुधा जालन्याहून आलेला असतो. तेव्हा पुरवठादाराचे ते वाक्य खरे मानावयाचे काय? ही भट्टी स्वभावतःच ठिसूळ माल देते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी भट्टीचे भौतिकशास्त्र आणि तिचे रसायनशास्त्र अशा दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. पहिली बाजू आपण पदवीच्या वर्गात शिकवितो. दुसरी सहसा शिकविली जात नाही.

तापनाचे तत्त्व

वखराची पास पाजवून घेण्यासाठी लोहाराकडे गेलेल्या प्रत्येकाने भाता पाहिलेला असतो. तेथे कोळसा जळतो, त्याची उष्णता लोखंडाच्या पृष्ठभागावर पडते आणि मग ती आत झिरपते. उष्णतेचा उगम धातूच्या बाहेर असतो, म्हणून जळणारा पदार्थ धातूपेक्षा अधिक तप्त असावाच लागतो. सोनाराची फुंकणी, बिडाच्या ओतकामाची कुपोला भट्टी, स्वयंपाकघरातील गॅस, या सर्वांना हाच नियम लागू आहे.

प्रवर्तन तापनात मात्र उष्णता धातूच्या आतच निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकात विद्युतधारा प्रवर्तित होते, हे ते तत्त्व होय. वाहक तारेच्या स्वरूपात असेल तर धारा तारेतून वाहते. तो भरीव तुकडा असेल तर पाण्यातील भोवऱ्याप्रमाणे बंद वर्तुळांत फिरते. या भोवरी प्रवाहांना धातूचा रोध होतो व त्यातून उष्णता निर्माण होते. फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनी १८५५ मध्ये चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून ती तापते हे दाखविले होते.

गमतीची गोष्ट अशी की, पुढील अर्धशतकभर विद्युत अभियंत्यांनी या उष्णतेकडे शत्रू म्हणूनच पाहिले. रोहित्राचा गाभा अखंड लोखंडाचा न करता परस्परांपासून निरोधित अशा पातळ पत्र्यांचा करतात, तो भोवरी प्रवाह रोखण्यासाठीच. प्रवर्तन भट्टी म्हणजे याच रोहित्राचे उलटे रूप म्हणता येईल. बाहेरचे वेटोळे हे तिचे प्राथमिक कुंडल. आत ठेवलेला धातू हेच एका वेढ्याचे द्वितीयक कुंडल, आणि तेही स्वतःवरच लघुपरिपथित झालेले! रोहित्रात जो तोटा मानला जातो तोच येथे नफा ठरतो.

आज अनेक घरांत असलेली इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते. तिच्यावर लोखंडी तवा तापतो, पण ॲल्युमिनियमचे पातेले बहुधा तापत नाही. विद्यार्थी याचे कारण विचारतात तेव्हा 'ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही' एवढे सांगून आपण मोकळे होतो. ते उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. ॲल्युमिनियमची रोधकता फार कमी असते, त्यामुळे प्रवाह वाहूनही त्यात उष्णता थोडीच उत्पन्न होते. आणि ते चुंबकीय नसल्याने प्रवाह अगदी पातळ थरात कोंडलाही जात नाही. ही दोन्ही कारणे पुढे खामगावच्या चांदीसंबंधी पुन्हा उपयोगी पडणार आहेत.

पृष्ठ परिणाम आणि वारंवारतेची निवड

प्रत्यावर्ती प्रवाह वाहकाच्या संपूर्ण छेदातून सारखा वाहत नाही. तो पृष्ठभागाकडे दाटतो. ज्या खोलीवर प्रवाहाची घनता पृष्ठभागावरील घनतेच्या सुमारे ३७ टक्के उरते तिला प्रवेश-खोली म्हणतात. ही खोली रोधकतेच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात, तर वारंवारता व चुंबकीय पार्यता यांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. वितळलेल्या पोलादाची रोधकता सुमारे १४० मायक्रोओहम-सेंटिमीटर धरली तर घरगुती विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेला प्रवेश-खोली सुमारे ८४ मिलिमीटर येते, ५०० हर्ट्झला ती सुमारे २७ मिलिमीटर व १००० हर्ट्झला सुमारे १९ मिलिमीटर येते.

या आकड्यांचा कारखान्यातील अर्थ सरळ आहे. भट्टीत टाकलेला तुकडा प्रवेश-खोलीच्या काही पट जाड असेल तरच त्यात भोवरी प्रवाह नीट फिरतात. फार बारीक असेल तर क्षेत्र त्याच्या आरपार जाते आणि तो फारसा तापत नाही. म्हणून ५० हर्ट्झच्या जुन्या भट्ट्यांत थंड भंगारापासून सुरुवात करणे अवघड जाई. आधीच्या खेपेतील थोडा वितळलेला धातू तळाशी शिल्लक ठेवावा लागे. मध्यम वारंवारतेच्या भट्ट्यांनी ही अडचण बरीचशी दूर केली.

लोखंडाच्या बाबतीत आणखी एक टप्पा येतो. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड आपले लोहचुंबकत्व गमावते. त्याखाली पार्यता मोठी असल्याने प्रवाह पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात दाटतो व तुकडा झपाट्याने लाल होतो. त्यानंतर पार्यता जवळपास एकवर येते, खोली एकदम वाढते आणि तापण्याचा वेग बदलतो. वर्गात क्युरी तापमान हा आलेखावरील एक बिंदू असतो. भट्टीवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला तोच बिंदू मीटरच्या काट्यावर दिसतो.

वारंवारता कमी ठेवण्याचाही एक लाभ आहे. वेटोळ्यातील प्रवाह आणि धातूतील प्रवाह परस्परांना दूर लोटतात, त्यामुळे वितळलेला रस मध्यभागी फुगून वर येतो व आपोआप ढवळला जातो. वारंवारता जितकी कमी तितके हे ढवळणे जोरदार. मिश्रधातू एकजीव व्हावा म्हणून ते हवेच असते. फार झाले तर मात्र अस्तर झिजते व रसात हवा ओढली जाते. मोठ्या भट्टीला काहीशे हर्ट्झ, लहान भट्टीला काही हजार हर्ट्झ, अशी तडजोड त्यातूनच आलेली आहे.

भट्टीची जडणघडण

प्रवर्तनाने धातू वितळविण्याचे एकस्व फेरांटी यांनी १८८७ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. स्वीडनमधील गिसिंगे येथे शेलिन यांनी १९०० मध्ये अशा भट्टीतून प्रत्यक्ष पोलाद काढले. त्या भट्टीला रोहित्रासारखा लोखंडी गाभा होता. गाभ्याविना, केवळ वेटोळे व मूस एवढ्यावर चालणारी उच्च वारंवारतेची भट्टी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे एडविन नॉर्थ्रप यांनी १९१६ च्या सुमारास सिद्ध केली. पुढे थायरिस्टरवर चालणारे शक्तिपुरवठे आल्यावर वारंवारता हवी तशी बदलणे स्वस्त झाले आणि लहान उद्योजकाला ही भट्टी परवडू लागली.

तिचे वेटोळे तांब्याच्या पोकळ नळीचे असते व त्या नळीतून सतत पाणी खेळते. भट्टीला दिलेल्या विजेपैकी साधारण १५ ते २५ टक्के ऊर्जा या पाण्याबरोबर निघून जाते. वेटोळ्याच्या आत उच्चतापसह अस्तर असते. आपल्याकडे ते प्रामुख्याने गारगोटीच्या चुऱ्याचे, म्हणजे सिलिकाचे असते. या चुऱ्यात थोडे बोरिक आम्ल मिसळून तो कोरडाच ठासून भरतात आणि पहिल्या खेपेच्या उष्णतेने त्याची आतली बाजू भाजून घट्ट होते. एका बाजूस सोळाशे अंशांचा पोलादाचा रस, दुसऱ्या बाजूस चाळीस-पन्नास अंशांचे पाणी, आणि मध्ये एवढेच काही सेंटिमीटर जाडीचे अस्तर, अशी ही रचना आहे. ती पाहिल्यावर अपघात कोठे दडलेला असतो हे वेगळे सांगावे लागत नाही. अस्तराला भेग पडून रस नळीपर्यंत पोहोचला, अथवा भंगारात ओलसर माल किंवा तोंडबंद डबा गेला, तर पाण्याची क्षणात वाफ होते व रस बाहेर उसळतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जालन्यातील एका पोलाद कारखान्यात भट्टीजवळ झालेल्या स्फोटात वीसच्या आसपास कामगार जखमी झाले होते. स्वस्त सळईच्या चर्चेत या बाजूचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून तो येथे केला.

पोलाद सामान्य तापमानापासून १६०० अंशांपर्यंत नेऊन वितळविण्यास तत्त्वतः टनामागे सुमारे ३८० युनिट वीज पुरेशी आहे. प्रत्यक्षात ५५० ते ६५० युनिट लागतात. साहजिकच विजेचा दर हा या धंद्याचा प्राण असतो. या भट्टीला धुराडे नाही असे म्हणतात, तेही जपून घ्यावे. भंगारावरील रंग, तेल व जस्त यांचा धूर भट्टीच्या तोंडातून निघतोच. आणि वीज कोळशाची असेल तर उरलेला धूर केवळ जागा बदलतो. आपल्याच अकोला जिल्ह्यातील पारसच्या औष्णिक केंद्राकडे पाहून हे ध्यानात येईल. देशातील सरासरी वीज युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कर्बद्विप्राणिद वायू सोडते असे धरले, तर एक टन पोलाद वितळविण्यात विजेपोटी सुमारे ४०० किलो वायू सुटतो. तरीही खनिजापासून पोलाद करण्याच्या मानाने हा आकडा पुष्कळच लहान आहे, हे मान्य करावे लागेल.

खामगाव : धातूऐवजी मूस तापते

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव चांदीच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. वऱ्हाडात त्याला रजतनगरी म्हणतात. परंपरागत पद्धतीत मुशीत चांदी, वर टाकणखार आणि खाली कोळसा अशी व्यवस्था असे. सराफी व्यवसायात आता एक-दोन किलो धातू काही मिनिटांत वितळविणारी टेबलाएवढी प्रवर्तन यंत्रे दिसतात.

येथे एक विरोधाभास आहे. चांदी ही विजेची सर्वोत्तम वाहक असल्याने तिची रोधकता सर्व धातूंत कमी. म्हणजे प्रवर्तन तापनाच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट गिऱ्हाईक. वेटोळे तांब्याचे आणि आतला माल जवळपास तांब्याइतकाच सुवाहक, अशा स्थितीत उष्णतेची वाटणी मालाच्या बाजूने फारशी झुकत नाही. यावर उपाय साधा आहे : मूस ग्राफाइटची घेतात. ग्राफाइटची रोधकता चांदीच्या शेकडो पट असते. भोवरी प्रवाह मुख्यतः मुशीच्या भिंतीत फिरतात, मूस तापते आणि तिच्या उष्णतेने ९६२ अंशांना चांदी वितळते. म्हणजे प्रवर्तन यंत्रात बसूनही चांदी जुन्याच रीतीने, बाहेरून आत तापते.

या यंत्रामुळे चांदीचा कस वाढतो असा समज काही ग्राहकांत आढळतो. तो बरोबर नाही. मुशीत गेलेले तांबे मुशीतच राहते. यंत्र ते काढत नाही. कोळशाची राख, फुंकणीचा झोत आणि धातूची उडणारी घट तेवढी टळते. शुद्धीकरण ही वेगळी क्रिया आहे आणि ती वितळण्याच्या आधी किंवा नंतर करावी लागते. सराफाला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. लोखंडाच्या बाजारात मात्र हाच मुद्दा विसरला जातो.

कोल्हापूर : काहीच न मिसळण्याचा लाभ

महाराष्ट्रातील ओतकामाचा इतिहास लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरापासून (१९०३) व किर्लोस्करवाडीपासून (१९१०) सांगण्याची प्रथा आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल या औद्योगिक वसाहतींतून ओतकामाचे शेकडो कारखाने उभे राहिले. ऑइल इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत त्यांचा प्रवास झाला. या प्रवासात कुपोलाची जागा मोठ्या प्रमाणावर प्रवर्तन भट्टीने घेतली.

कुपोलात कोक आणि लोखंड एकत्र थरांनी भरतात. कोकमधील गंधक रसात उतरते. साध्या बिडात ते ०.१ टक्क्याच्या आसपास असले तरी चालते. परंतु मॅग्नेशियम घालून केल्या जाणाऱ्या तन्य बिडात कार्बनचे कण गोलाकार व्हावे लागतात, आणि गंधक मॅग्नेशियमला खाऊन टाकते. त्यासाठी रसातील गंधक आधीच ०.०२ टक्क्याच्या आसपास वा त्याखाली असावे लागते. प्रवर्तन भट्टीत इंधनाचा धातूला स्पर्शच होत नाही. निवडक माल टाकला की गंधक बाहेरून येण्याचा प्रश्न उरत नाही. मोटारीचा क्रँकशाफ्ट ओतणाऱ्या कारखानदाराला या भट्टीचे महत्त्व वाटते ते यासाठी. तापमान काही अंशांच्या फरकाने सांभाळता येते, रस ढवळला जातो, आणि दिवसातून तीन वेगवेगळ्या प्रतींचे बीड एकाच भट्टीतून काढता येते. भट्टी पदरचे काही घालत नाही, हाच येथे तिचा गुण ठरतो.

जालना : काहीच न काढण्याची मर्यादा

जालना बियाण्यांसाठी जसे प्रसिद्ध तसेच सळयांसाठी. येथील कारखान्यांत भंगार व स्पंज आयर्न प्रवर्तन भट्टीत वितळवून त्याच्या कांड्या, म्हणजे बिलेट, ओततात व त्या लाटून टीएमटी सळया करतात. देशातील एकूण कच्च्या पोलादापैकी सुमारे तीस टक्के पोलाद प्रवर्तन भट्ट्यांतून येते. तेव्हा हा प्रश्न एका गावाचा नाही.

पोलादात स्फुरद व गंधक हे दोन नको असलेले सोबती असतात. शेतकरी पिकाला हौसेने देतो तेच स्फुरद पोलादात शिरले तर त्याला थंड अवस्थेत ठिसूळ करते. गंधक तप्त अवस्थेत ठिसूळ करते. वाकविताना तडकण्याशी पहिल्याचा संबंध अधिक. आता हे स्फुरद काढावयाचे कसे? रसायनशास्त्राचे उत्तर असे : स्फुरदाचे ऑक्साइड आम्लधर्मी आहे, म्हणून ते चुनायुक्त आम्लारिधर्मी धातुमळीत बांधून बाहेर काढावे; त्यासाठी रसात ऑक्सिजन पुरेसा हवा आणि धातुमळी पातळ, तप्त व क्रियाशील हवी. मोठ्या कारखान्यांतील ऑक्सिजन कन्व्हर्टरमध्ये हे घडते. विजेच्या ठिणगी भट्टीतही घडते, कारण तेथे ठिणगी प्रथम धातुमळीलाच तापविते.

प्रवर्तन भट्टीत दोन्ही बाजूंनी अडचण होते. अस्तर सिलिकाचे, म्हणजे आम्लधर्मी; त्यात चुना टाकावा तर चुना स्फुरदाच्या आधी अस्तरच खातो. शिवाय धातुमळी विजेची वाहक नसल्यासारखीच असते, त्यामुळे भोवरी प्रवाह तिच्यात फिरत नाहीत. ती रसावर तरंगते, खालून मिळेल तेवढ्याच उष्णतेवर जगते, वरून थंड होते आणि घट्ट राहते. म्हणजे जे तत्त्व या भट्टीचे वैशिष्ट्य, धातूच्याच आत उष्णता निर्माण करण्याचे, तेच तिला शुद्धीकरणास असमर्थ करते. पुरवठादाराच्या वाक्यातील सत्याचा अंश एवढाच. उदासीन वा आम्लारिधर्मी अस्तर वापरून स्फुरद घटविण्याचे प्रयत्न झालेले आहेत. त्यात अस्तराचे आयुष्य व खर्च यांचा मेळ घालणे अवघड जाते. काही कारखाने रस दुसऱ्या, आम्लारिधर्मी अस्तराच्या लॅडल भट्टीत नेतात. तेथे गंधक चांगले निघते. पण त्या भट्टीतील परिस्थिती ऑक्सिजनविरोधी असल्याने स्फुरद जागचे हलत नाही.

मग उरतो एकच मार्ग : आत काय टाकावयाचे ते ठरविणे. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. दहा टन भंगारात सरासरी ०.०५० टक्के स्फुरद आहे. म्हणजे एकूण पाच किलो. वितळताना पाच टक्के लोखंड जळून धातुमळीत गेले, तर उरलेल्या साडेनऊ टनांत तेच पाच किलो स्फुरद राहील आणि त्याचे प्रमाण सुमारे ०.०५३ टक्के होईल. भट्टीने स्फुरद काढले तर नाहीच, उलट किंचित दाट केले. आता भारतीय मानक आयएस १७८६ पाहू. एफई ५०० प्रतीच्या सळईत स्फुरदाची कमाल मर्यादा ०.०५५ टक्के आहे. हा माल कसाबसा उत्तीर्ण होईल. अधिक तन्य अशा एफई ५०० डी प्रतीला ती मर्यादा ०.०४० टक्के आहे. तेथे तो नापास. याच खेपेत अर्धे भंगार काढून त्याजागी ०.०२० टक्के स्फुरदाचा धातू घातला असता, तर सरासरी ०.०३५ व घटीनंतर सुमारे ०.०३७ टक्के होऊन 'डी' प्रतही साधली असती. प्रत्यक्षात स्पंज आयर्नमधील माती व न सुटलेले ऑक्साइड यांमुळे गणित अधिक गुंतागुंतीचे होते, पण दिशा हीच.

स्पंज आयर्नचे महत्त्व यातून कळते. ते खनिजापासून थेट, न वितळविता केलेले लोखंड असल्याने त्यात भंगारातील तांबे व कथील नसते. हे दोन धातू तर कोणत्याही पोलादभट्टीत निघत नाहीत. शुद्ध मालाची भर घालून त्यांचे प्रमाण पातळ करणे एवढेच हाती असते. विदर्भातच चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घूस येथे स्पंज आयर्नचे उत्पादन होते. चांगला कारखानदार भंगाराच्या ढिगाऱ्याशी उभा राहून वर्गवारी करतो, रसाचा नमुना ओतण्याआधी स्पेक्ट्रोमीटरवर तपासतो, आणि प्रमाण चुकले तर घडवणच बदलतो. एकाच भट्टीतून उत्तम व निकृष्ट असे दोन्ही माल निघू शकतात. त्यांतील फरक भंगाराच्या अंगणात ठरतो.

चीनने याबाबत टोकाचा निर्णय घेतला. २०१७ च्या पहिल्या सहामाहीत तेथे प्रवर्तन भट्ट्यांवर निकृष्ट सळया करणारी सुमारे १४ कोटी टनांची उत्पादनक्षमता बंद करण्यात आली. त्यानंतर भारतातही तसेच करावे असे अधूनमधून सुचविले जाते. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. भट्टीवर बंदी घातल्याने भंगार कोठे जाणार, आणि वऱ्हाडातल्या चार खोल्यांच्या घराला दूरच्या कारखान्यातील सळई कोणत्या भावाने मिळणार, याचा विचार त्यात नसतो. आपल्याकडे सळयांना मानक-चिन्ह बंधनकारक आहे. ते चिन्ह कागदावरून प्रत्यक्ष मालावर उतरते किंवा नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

तडकलेल्या सळईकडे पुन्हा

टीएमटी सळईबाबत एक गोष्ट ग्राहकाची सहज दिशाभूल करते. लाटून बाहेर पडताच तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा करतात. त्यामुळे तिचे बाह्य कवच कठीण बनते व आतील गाभा मऊ राहतो. सळईचे बळ बरेचसे या पाण्यातून येते. म्हणून 'पाचशे' हा आकडा चाचणीत उत्तीर्ण झाला तरी स्फुरद किती आहे याचा बोध त्यातून होत नाही. वाढीव लांबीची टक्केवारी (एफई ५०० ला किमान १२, ५०० डी ला किमान १६), वाकविण्याची चाचणी आणि रासायनिक पृथक्करण हे तीन स्तंभ वेगळे वाचावे लागतात.

तडकलेल्या त्या सळईबद्दल न्यायाने सांगावयाचे तर, केवळ तडा पाहून स्फुरदावर ठपका ठेवता येत नाही. मानकात सळई ठरावीक व्यासाच्या दांड्याभोवती वाकविण्यास सांगितले आहे. आमच्या बांधकामावर ती लाकडी फळीवर ठोकलेल्या दोन खिळ्यांमध्ये अडकवून, हिसका देऊन वाकविली जात होती. इतका तीव्र बाक चांगल्या सळईलाही सोसेलच असे नाही. म्हणून समितीने दोन गोष्टी केल्या. गवंड्याला योग्य जाडीचे खुंटे बसविण्यास सांगितले, आणि पुरवठादाराकडे मालाचे चाचणी प्रमाणपत्र मागितले.

प्रमाणपत्र चार दिवसांनी आले. त्यावर स्फुरद ०.०३८ टक्के, गंधक ०.०३५ टक्के, लांबीतील वाढ १८ टक्के, सारे काही 'डी' प्रतीला साजेसे होते. समितीतील वाणिज्य विभागाच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला आणि आवारात पडलेल्या गठ्ठ्याच्या पत्र्याच्या बिल्ल्याशी पडताळून पाहिला. कागदावरील हीट क्रमांक आणि बिल्ल्यावरील हीट क्रमांक वेगवेगळे होते. गठ्ठा परत पाठविण्यात आला. दुसरा आला तेव्हा क्रमांक जुळले, नव्या खुंट्यांवर वाकविलेल्या पहिल्या वीस सळयांपैकी एकही तडकली नाही, आणि स्लॅबचे काम नऊ दिवस उशिरा सुरू झाले.